गाडी आडवी होते तेव्हा

नवी मोटारसायकल घेताना शोरूममध्ये हमखास विचारतात, "लेग गार्ड लावायचा ना?" आपणही हो म्हणून मोकळे होतो. तो गार्ड नेमकं काय वाचवणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

तो वाचवतो मुख्यतः गाडीला. अमेरिकी संशोधक हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिसमधल्या नऊशे मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. १९८१च्या त्यांच्या अहवालाचा निष्कर्ष असा, की अशा गार्डमुळे घोट्याच्या आणि पावलाच्या दुखापती कमी होतात, पण मांडी, गुडघा आणि नडगीच्या वाढतात. एकूण हिशेबात फायदा उरत नाही. म्हणून खिशात पैसे मोजकेच असतील, तर आधी आयएसआय मार्कचं चांगलं हेल्मेट, हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट घ्यावेत. गार्ड त्यानंतर.

मग गार्ड घेऊच नये का? घ्यावा, पण आपली गाडी कशी पडण्याची शक्यता आहे ते पाहून. पावसाळ्यात साइड स्टँड मातीत रुततो आणि उभी गाडी कलंडते. चिखलात वळवताना पाय निसटतो. अशा वेळी जाड पाइपचा गार्ड इंजिनचं कव्हर आणि टाकी वाचवतो, शिवाय गाडीखाली पाय अडकण्याची भीतीही कमी करतो. वेगात पडलं की गणित बदलतं. बाहेर आलेला पाइप खड्ड्यात किंवा रस्त्याच्या कडेला अडकला, तर घसरत चाललेली गाडी उलटी फिरू शकते. हायवेवर वेगाने चालवणाऱ्यांनी म्हणूनच स्लायडरचा विचार करावा. त्याचा नायलॉनसारख्या कडक प्लास्टिकचा गोळा डांबरावर झिजत जातो आणि गाडी सरकत राहते.

खरी परीक्षा असते बोल्टची. दुकानात गार्ड हातात घेतला की चकाकी सोडा, तो कुठे कसला जाणार ते पाहा. एकाच इंजिन माउंटिंग बोल्टवर टांगलेला लांबलचक गार्ड पडताना पहारीसारखं काम करतो: टोकाला बसलेला मार अनेक पटींनी वाढून बोल्टच्या मुळाशी पोचतो. बोल्ट वाकतो, कधी चेसिसचा कानही तुटतो, आणि साधं कव्हर वाचवायला जाऊन फ्रेमचं काम निघतं. दोन-तीन ठिकाणी कसला जाणारा, अंगाला धरून असलेला गार्ड यासाठी बरा. वेल्डिंगची कड सलग आहे ना, त्यावरून बोट फिरवून पाहा. पाइपच्या उघड्या टोकांना टोपणं हवीत, नाहीतर कोकणच्या पावसात तो आतून गंजतो. फिटर मूळ बोल्ट काढून कुठलाही लांब बोल्ट घालत असेल तर थांबवा. इंजिन त्याच बोल्टवर बसलेलं असतं. शेवटी एकाला गाडी धरायला सांगून ती हळूहळू तिरकी करा. फुटरेस्टच्या आधी गार्ड जमिनीला टेकत असेल, तर तो घाटातल्या वळणावरही टेकेल आणि चाक उचलेल.

हँड गार्डकडे मात्र फार दुर्लक्ष होतं. ताम्हिणी घाटात क्लच लिव्हर तुटला की गाडी चालवणं फार अवघड होतं. दोन्ही टोकांना कसलेली अॅल्युमिनियमची पट्टी आत असेल, तरच हँड गार्ड लिव्हर वाचवतो. नुसतं प्लास्टिक वारा अडवतं. इंजिनच्या पोटाखालची बॅश प्लेट लागते ती खडकाळ वाटेवर जाणाऱ्यांना. ती घेताना ऑइलचा बोल्ट प्लेट न काढता उघडता येतो का, एवढं बघा.

गाडीसोबत आलेली एक गोष्ट मात्र काढू नका: मागच्या चाकावरचा साडी गार्ड. गाडी स्पोर्टी दिसावी म्हणून पोरं तो पहिल्याच आठवड्यात उतरवतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३व्या नियमाप्रमाणे मागचं निम्मं चाक झाकलेलं असायला हवं, कारण ओढणी किंवा पदर चाकात गेला तर मागे बसलेली बाई क्षणात खाली खेचली जाते. आईला, बहिणीला मागे बसवणाऱ्याने तो आजच परत लावून घ्यावा. जुना सापडत नसेल तर नवा आणावा. बाकीच्या बहुतेक सामानापेक्षा तो स्वस्त मिळतो.