चहाचं पान आणि पोरांची शाळा

भिसेगावातून आम्ही गटातल्या बाया बोलतोय. आपली बैठक काही चहाशिवाय सुरू होत नाही. आधणात आलं पडतं, परसातल्या गवती चहाची पात पडते, मग साखर आणि शेवटी पुड्यातली पावडर. आलं आणि पात आपल्या ओळखीची. पण ही पावडर येते कुठून? ती खुडणारी बाई कोण? आणि ती कामाला गेली की तिची पोरं कुठे असतात? आमच्या बैठकीत हा विषय निघाला, म्हणून आज त्यावर बोलू.

आधी शेतीचं पाहू. आपल्याकडे पाऊस एवढा, मग कर्जतला चहा का होत नाही? कारण आपला पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि पुढे आठ महिने रान कोरडं राहतं. चहाला पाऊस वर्षभर थोडा थोडा लागतो, माती आंबट लागते आणि मुळाशी पाणी साचून चालत नाही. म्हणून आपल्या खाचरांत भात पिकतो, आणि चहा आसामात, दार्जिलिंगला, निलगिरीत, केरळातल्या मुन्नारच्या डोंगरउतारावर.

चहाची दरवर्षी लावणी नसते. एकदा लावलेलं झाड पन्नास वर्षंही पान देतं. दर आठ-दहा दिवसांनी दोन कोवळी पानं आणि एक कोंब खुडायचा. असा साधारण साडेचार किलो ओला पाला खुडला, की एक किलो चहा तयार होतो. ही खुडणी बहुतेक बायाच करतात.

एवढी वर्षं एकच पीक घेतलं, वर खतं-औषधांचा मारा केला, की माती खचते, ओढ्याचं पाणी बिघडतं आणि फवारणीचा त्रास आधी खुडणाऱ्या बाईला होतो. म्हणून शाश्वत शेती, म्हणजे पुढच्या पिढीलाही पुरेल अशी शेती, करायचं ठरलं. आपल्या देशात 2013 साली ‘ट्रस्टी’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. हिंदुस्थान युनिलिव्हर आणि टाटा या चहा विकणाऱ्या मोठ्या कंपन्या आणि नेदरलँडची एक संस्था त्यात होती, चहा मंडळाचीही साथ होती. मळ्यानं कोणते नियम पाळायचे ते त्यात लिहिलंय: ठरलेलीच औषधं वापरायची, फवारणाऱ्याला हातमोजे-मास्क द्यायचे, उताराची माती धरून ठेवायची, पाणी घाण करायचं नाही, लहान मुलांना कामाला लावायचं नाही. तपासणी झाली की मळ्याला तसा दाखला मिळतो. लहान शेतकऱ्यांनाही यात घेतात, कारण देशातला जवळपास अर्धा चहा आता त्यांच्याच शेतातून येतो.

आता पोरांचं. मुन्नारला टाटांच्या चहा कंपनीच्या आधारानं ‘सृष्टी’ नावाची संस्था चालते. मळ्यातल्या कामगारांची जी मुलं अपंग आहेत किंवा शिकण्यात मागे पडतात, त्यांच्यासाठी तिथे 1991 पासून ‘डेअर’ नावाची शाळा आहे. मुलं मोठी झाली की त्यांना हाताला काम मिळतं. ‘अरण्य’मध्ये पानाफुलांच्या रंगात कापड रंगवतात, ‘अतुल्य’मध्ये हातकागद करतात. ज्या पोराला लोक ‘याचं काय होणार’ म्हणायचे, ते पोर पगार घरी आणतं. ही गोष्ट ऐकून आमच्यातल्या दोघी-तिघींचे डोळे भरून आले.

पण मैत्रिणींनो, चांगलं पाहताना हक्क आणि मेहेरबानी यांतला फरक विसरायचा नाही. 1951 च्या मळा कामगार कायद्यानं 50 किंवा जास्त बाया कामाला असतील तिथे पाळणाघर ठेवणं मालकावर बंधनकारक केलं होतं. 6 ते 12 वयाची 25 हून जास्त मुलं असतील, तर मालकानं शाळेची सोय करावी असा नियम सरकारला करता येत होता. म्हणजे मळ्यातली साधी शाळा हा उपकार नव्हता, कायद्याची ती बाब होती. कायद्याच्या पुढे जाऊन जे केलं, तेवढंच कंपनीचं देणं.

दुसरी गोष्ट मजुरीची. याच मुन्नारात 2005 साली टाटांनी मळे नव्या कंपनीकडे दिले आणि कामगारांना तिचे भागधारक केलं. तरी सप्टेंबर 2015 मध्ये बोनस 10 टक्क्यांवर आला तेव्हा हजारो खुडणाऱ्या बाया रस्त्यावर बसल्या. पुरुष पुढाऱ्यांना त्यांनी दूर ठेवलं. आपल्या एकजुटीला नाव दिलं ‘पेम्बिलै ओरुमै’, म्हणजे बायकांची एकी. बोनस आणि वरची रक्कम मिळून 20 टक्के त्यांनी मिळवले. पुढे रोजची मजुरीही 232 रुपयांवरून 301 झाली. त्यांनी मागितले होते 500. आईची मजुरी पुरली तर पोर शाळेत टिकतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

हे सगळं लांबचं वाटतं का? आपल्याच कर्जत-खालापुरात दिवाळीनंतर कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर जातात. सोबत पोरं जातात आणि त्यांचं शाळेचं वर्ष बुडतं. आई कामावर आणि पोर उघड्यावर, हे चहाच्या मळ्यात तसं भट्टीवरही. आपल्या अनुताई वाघांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा काढली होती. पोर शाळेत येत नाही, तर शाळा पोराकडे गेली.

आणि कंपन्या आपल्याकडेही आहेत. कंपनी कायदा 2013 प्रमाणे ठरावीक नफा किंवा उलाढाल असलेल्या कंपनीनं नफ्याचे 2 टक्के समाजकामाला लावायचे असतात. तेव्हा एखादी कंपनी गावात वह्या-दप्तरं वाटायला आली, तर फोटो काढून घ्याच, पण तीन गोष्टीही विचारा. हे काम किती वर्षं चालेल? भट्टीवर गेलेल्या मुलांचं काय? आणि काय हवं ते आम्हाला, गावातल्या बायांना, विचारून ठरवलं का?

पुढच्या बैठकीत एक काम करा. आपापल्या वाडीतली किती मुलं यंदा भट्टीवर गेली, त्यांची नावं लिहून काढा. ती यादी घेऊन शाळेत जा, ग्रामसभेतही मांडा. तोवर चहा घ्या, आणि घोट घेताना खुडणाऱ्या बाईची आठवण ठेवा. नमस्कार!