आगाऊ यंत्र गप्प बसते तेव्हा

गेल्या परतीच्या पावसातली गोष्ट. सोयाबीनची सोंगणी जोरात चालली होती आणि मी एका शेतकरी मित्राच्या बांधावर उभा होतो. दुपारचे तीन वाजले असतील. पूर्वेकडून आभाळ भरून आले, वारा एकदम पडला आणि लांबवर गडगडले. सोंगणीच्या बायांचे विळे थांबले. मालकाच्या पोराने खिशातून मोबाईल काढला, पाहिला आणि म्हणाला, "अजून काही आलं नाही. इशारा आला की निघू. तेवढी पात उरकून घ्या."

टोळीतली एक वयस्कर मावशी कमरेवर हात देऊन उभी राहिली. "तुझा फोन बोलंल तवा बोलंल, दादा. आभाळ तर बोलाया लागलं की!" एवढे बोलून ती पदर खोचून वस्तीकडे चालू लागली. तिच्यामागे साऱ्या बाया निघाल्या आणि त्यांच्यामागे आम्ही. घराच्या ओसरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच बांधावरच्या बाभळीवर वीज कोसळली.

मागाहून फोन पाहिला, तर त्यातले लोकेशन बंद. बॅटरी लवकर उतरते म्हणून पोराने ते सकाळीच बंद करून टाकले होते. ॲप बिचारे काय करणार? आपला माणूस कोणत्या शिवारात उभा आहे हेच त्याला ठाऊक नव्हते. चूक ॲपची नव्हती, आणि खरे सांगायचे तर पोराचीही निम्मीच. ते ॲप त्याच्या फोनवर शेतीशाळेत मीच घालून दिले होते. "वीज जवळ आली की फोन आपण होऊन सांगेल," असे मीच छातीठोकपणे सांगितले होते. फोन गप्प राहिला तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे मात्र मी सांगितले नाही. तोवर माझ्याही ते ध्यानात आले नव्हते. ही उणीव भरून काढावी म्हणून हा लेख लिहायला बसलो आहे.

विजेच्या इशाऱ्याचे ॲप मोलाचे आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 या एकाच वर्षात देशात वीज पडून 2,887 माणसे दगावली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने देशभर विजेचा ठाव घेणारी उपकरणे बसवली आहेत आणि त्यांच्या आधारे 'दामिनी' हे ॲप चालते. आपल्यापासून 20 ते 40 किलोमीटरच्या टापूत विजा होऊ लागल्या की ते सांगते. पण त्यासाठी फोनला रेंज हवी, इंटरनेट हवे, लोकेशन चालू हवे. यातले एक नसले, तरी फोन पडद्यावर तसाच शांत दिसतो, जसा तो निरभ्र दिवशी दिसतो. खरी मेख इथे आहे.

विचारल्याशिवाय न बोलणारा संगणक

मी खात्यात लागलो तेव्हा तालुक्याच्या कचेरीत एकच संगणक होता. त्याच्या अंगावर प्लास्टिकची झूल, आणि खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या, जणू देवघरच. त्याचा स्वभाव सरळ होता. विचारले तर उत्तर द्यायचे, न विचारले तर मुका. बंद पडला तर विचारणाऱ्याला तत्काळ कळायचे, कारण उत्तर यायचे नाही.

मग 1997 च्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसमध्ये एक गंमत आली. पत्र लिहायला घेतले, की कागद अडकवायची एक तारेची पिन पडद्याच्या कोपऱ्यात उगवायची आणि डोळे मिचकावत विचारायची, की मदत करू का? न बोलावता आलेला पाहुणा! जगभरचे लोक तिला इतके वैतागले की 2007 च्या आवृत्तीत तिची उचलबांगडी झाली.

पण कल्पना मेली नाही. इंटेल ही संगणकाच्या चिप बनवणारी अमेरिकी कंपनी. तिथले संशोधनप्रमुख डेव्हिड टेननहाउस यांनी 2000 साली एका लेखात मांडले, की आता चिप इतक्या झाल्या आहेत की प्रत्येकीपुढे माणूस बसवणे शक्य नाही. यंत्रांनी आपण होऊन आजूबाजूची माहिती घ्यावी, आपण होऊन काम करावे, आणि माणसाने वरून लक्ष ठेवावे. आपल्या भाषेत सांगायचे तर मोट हाकणारा माणूस प्रत्येक फेरीला बैलांबरोबर मागेपुढे जातो, आणि मुकादम बांधावर उभा राहून नजर ठेवतो. माणसाने मोटकऱ्याचे काम सोडून मुकादमाचे घ्यावे, असे म्हणा ना. इंग्रजीत अशा यंत्राला 'प्रोॲक्टिव्ह' म्हणतात. मला 'आगाऊ' हा आपला शब्द चपखल वाटतो. आगाऊ सूचना देणारे ते आगाऊ, आणि विचारले नसता मध्ये तोंड घालणारे तेही आगाऊच!

शिवारातला जुना पाहुणा

हे सगळे शहरातले, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पण आपल्या विहिरींवर आगाऊ यंत्र केव्हाच येऊन बसले आहे. पंपाचा ऑटो-स्विच! रात्री-अपरात्री वीज आली की तो आपण होऊन मोटर चालू करतो. माणूस घरी निवांत झोपलेला. मात्र डीपीवरच्या सगळ्यांच्याच पंपांना ऑटो-स्विच असले, की वीज येताच साऱ्या मोटरी एका क्षणी उठतात. चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि डीपी जळते. म्हणूनच महावितरण दरवर्षी कानीकपाळी ओरडते, की ऑटो-स्विच काढा, कपॅसिटर बसवा. त्यात दुसरा धोका जिवाचा. वीज नाही असे समजून कोणी वायरीला हात घातला, आणि त्याच वेळी ती आली, तर?

त्याच्या पुढची पायरी म्हणजे मोबाईल स्टार्टर. आत सिमकार्ड असते. वीज आली, फेज गेला, मोटर कोरडी फिरू लागली, की तो मालकाला फोन करतो. माझ्या ओळखीच्या एका घरी स्टार्टरमध्ये घरच्या बाईंचा नंबर घातला आहे, कारण मालकांची झोप कुंभकर्णाची. बाई सांगतात, "पूर्वी लाईट कधी येणार म्हणून हे रात्रभर उठबस करायचे. आता ते यंत्र मला उठवतं आणि मी ह्यांना उठवते." त्या घरात एका पंधरवड्यात तीन रात्री फोनच आला नाही. वीज आली नसेल असे धरून सगळे झोपले. चौथ्या दिवशी शेजाऱ्याच्या कांद्याला पाणी फिरलेले दिसले आणि उलगडा झाला. स्टार्टरमधल्या सिमचा रिचार्ज संपला होता. यंत्र हाका मारीत होते, पण त्याच्या घशातून आवाज निघत नव्हता.

जुन्या रेडिओची आठवण होते ती इथे. हवामान खात्याचे शेतकऱ्यांसाठीचे बातमीपत्र 1945 सालापासून आकाशवाणीवरून येऊ लागले. तेही न विचारता बोलणारेच. पण रेडिओचे सेल संपले तर बातमीपत्राबरोबर गाणीही बंद पडायची. त्यामुळे रेडिओ बंद आहे हे घरातल्या लहान पोरालाही कळे. आजच्या यंत्राला गाणी नाहीत. ते फक्त संकटाच्या वेळी बोलते, म्हणून एरवीची त्याची शांतता निरोगी आहे की आजारी, हे ओळखू येत नाही.

आगाऊ निरोपांचे प्रमाण तर वाढतच जाणार. 20 जुलै 2023 ला राज्यात अनेकांचे फोन एकाएकी किंचाळले होते, ते आठवत असेल. ती आपत्तीच्या इशाऱ्याची सरकारी चाचणी होती. 2025 च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने 13 राज्यांतल्या सुमारे 3 कोटी 80 लाख शेतकऱ्यांना, आपल्या भागात मॉन्सून केव्हा पोचेल याचा कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेला अंदाज एसएमएसवर पाठवला. त्या वर्षी मॉन्सून मध्येच रेंगाळला आणि ते रेंगाळणे अंदाजात अगोदर आले होते. हे काम नावाजण्यासारखेच आहे. पेरणीची घाई टळली तर एका दुबार पेरणीचे बियाणे वाचते.

खालचा प्लॉट

आता द्राक्षबागेतली गोष्ट सांगतो. ही थोडी सविस्तर सांगायला हवी.

ऑक्टोबर छाटणीनंतर बागायतदाराचा जीव केवड्यात, म्हणजे डाऊनीत अडकलेला असतो. पानाच्या वर तेलकट डाग, खाली पांढरी बुरशी, आणि फुलोऱ्यात घडावर गेली की वर्षाचे पीक हातचे जाते. या बुरशीला रुजायला पानावर पाण्याचा थर लागतो. तो काही तास टिकला की तिचे काम झाले. इटलीत 1940 च्या दशकात बसवलेला एक 'तीन दहांचा' नियम प्रसिद्ध आहे. कोंब दहा सेंटीमीटरचे, पाऊस दहा मिलिमीटर आणि तापमान दहा अंश, एवढे जुळले की रोगाची सुरुवात संभवते. नाशिक भागात ऑक्टोबरात तापमानाची अट बहुतेक पाळलेलीच असते, म्हणून आपल्याकडे सारा खेळ पान किती वेळ ओले राहते याचा.

बागेत बसवायच्या यंत्रात याचसाठी पानासारखी एक चपटी पट्टी असते. तिच्यावर दव किंवा पाऊस साचला की तिच्यातला विद्युतप्रवाह बदलतो. ओले तास मोजून, तापमानाशी ताडून यंत्र फोनवर कळवते, की धोका आहे, फवारणीचा विचार करा.

एका बागायतदाराने असे यंत्र घेतले. पहिल्या वर्षी त्याच्या तीन फवारण्या वाचल्या आणि तो माझ्यापाशी येऊन खुशीने सांगून गेला. दुसऱ्या वर्षी पाऊस लांबला. यंत्र वरच्या प्लॉटमध्ये, मोकळ्या वाऱ्यात. तिथली पाने सकाळी आठला सुकायची. खालचा प्लॉट नाल्याला लागून, तिथे दहा-अकरा वाजेपर्यंत पानावरून दव टिपकायचे. यंत्राने निरोप दिला नाही. देणार कसा? त्याच्या पट्टीपुरते ते खरेच बोलत होते. पण पूर्वी हाच गृहस्थ रोज सकाळी दोन्ही प्लॉट पायी पालथे घालायचा, पान उलटून पाहायचा. निरोप येत नाही म्हणून तो आठ दिवस खाली उतरला नाही. उतरला तेव्हा घड तपकिरी पडले होते. खालचा अर्धा एकर गेला.

तो मला म्हणाला, "साहेब, त्यानं चुकीचं काही सांगितलं नाही हो. त्यानं काहीच सांगितलं नाही, आन् मी तेच ऐकलं."

यंत्र घेऊ नका असा सल्ला मी देणार नाही. त्याच बागायतदाराने ते अजून ठेवले आहे. मात्र पट्टी आता खालच्या, जास्त ओल धरणाऱ्या प्लॉटमध्ये आहे. यंत्र विकत घेताना सगळे विचारतात, की हे काय काय सांगते? त्याबरोबर हेही विचारा, की हे बंद पडले तर मला कळते का आणि कसे कळते? बऱ्याच यंत्रांत रोज ठराविक वेळी 'मी चालू आहे' असा निरोप पाठवायची सोय असते. विक्रेता ती आपणहून सांगतोच असे नाही, तेव्हा आग्रहाने चालू करून घ्या. पट्टीवर धूळ किंवा पाखरांची विष्ठा बसली तर मोजणी बिघडते. ती महिन्यातून दोनदा मऊ ओल्या फडक्याने पुसावी, आणि हे काम घरातल्या शाळकरी पोरांकडे दिले तर ती आवडीने करतात असा माझा अनुभव आहे. सिमच्या रिचार्जची तारीख घरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहावी. विजेच्या ॲपसाठी पावसाळ्यात लोकेशन बंद करू नये, आणि फोनच्या 'बॅटरी सेव्हर' मधून ते ॲप वगळावे. आणि गडगडाट कानावर आला, तर फोन काहीही म्हणो, आपण विजेच्या टप्प्यात आहोत असे धरून पक्क्या घरात जावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली तर मुळीच थांबू नये.

मोबाईल स्टार्टरवाल्या त्या घरी परवा चहाला गेलो होतो. आता त्यांचा स्टार्टर रोज सकाळी सात वाजता एक निरोप पाठवतो, मोटर चालू असो वा नसो. मी बसलो होतो तेव्हा सव्वासात झाले, साडेसात झाले. बाईंनी चहाचे कप खाली ठेवले आणि मालकांना म्हणाल्या, "अहो, आज ते बोललं नाही. जाऊन बघून या बरं." मालक चहा तसाच टाकून विहिरीवर गेले. उंदराने पेटीतली वायर कुरतडली होती.