आपलं शेत, आपलीच जबाबदारी

"मॅडम, उद्या सुट्टी पाहिजे. अब्बांसोबत फवारणीला जायचंय." ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अशी विनंती घेऊन येणारी मुलं माझ्या वर्गात दरवर्षी असतात. पूर्वी मी सहज होकार द्यायचे. घरचं काम, त्यात काय! आता देत नाही. त्याचं कारण माझ्याच माहेरी घडलं.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याबरोबर वाढली होती. अशा दाट पिकात फवारलेलं औषध फवारणाऱ्याच्याच तोंडावर येतं. अनेक ठिकाणी दोन-तीन औषधं एकत्र करून फवारली जात होती.

त्याच हंगामात भाईजान भर दुपारी शेतातून परतले. घामाने निथळत होते, तोंडातून लाळ गळत होती, समोरचं धूसर दिसत होतं. भाभींना वाटलं, ऊन लागलं. त्यांनी लिंबाचं सरबत दिलं. आठवीतल्या भाच्याने मात्र बांधावरची औषधाची बाटली उचलून आणली आणि ती गाडीत सोबत घेतली. डॉक्टरांनी लेबल वाचलं आणि ॲट्रोपिनची इंजेक्शनं लगेच सुरू केली. भाईजान वाचले.

नंतर मी विचारलं, "हातमोजे, मास्क का नाही घातला?" म्हणाले, "आपलं शेत आहे, मला कोण विचारणार?"

बोलणं खरंच होतं. कारखान्यात सुरक्षेची जबाबदारी मालकावर असते, तपासायला निरीक्षक येतो. पाच एकराच्या शेतात मालक, मजूर आणि मुकादम एकच माणूस असतो. ज्या स्वातंत्र्याचा आपल्याला अभिमान, त्याच स्वातंत्र्यात थांबवणारं कुणी नसतं. म्हणून थांबवण्याचं काम घरच्यांनीच करायला हवं.

बाटलीवरचा रंगीत त्रिकोण घरातल्या शिकलेल्या मुलाने वाचून दाखवावा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. लेबलवर सांगितल्याशिवाय औषधं एकमेकांत मिसळू नयेत. फवारणी सकाळी किंवा संध्याकाळी, वारा पाठीशी ठेवून करावी. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, मास्क आणि चष्मा हवाच. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नये. मध्येच पान, तंबाखू, बिडी नको. अंगावरचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवावेत. ते धुणाऱ्या बाईलाही विष बाधतं. रिकाम्या डब्यात पाणी किंवा धान्य कधीही भरू नये. आणि मुलांना पंपाजवळ फिरकू देऊ नये.

मळमळ, डोकेदुखी, घाम, लाळ, धूसर दिसणं यातलं काहीही जाणवलं तर काम थांबवून कपडे उतरवावेत, साबणाने अंग धुवावं आणि 108 ला फोन करावा. बळेच उलटी करवू नये. बाटली सोबत न्यावी.

शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला 2 लाख रुपये मिळतात. सातबारावर नाव असलेला शेतकरी आणि घरातली आणखी एक व्यक्ती यात येते. कागदपत्रांसाठी तालुका कृषी कार्यालयात जावं. पण ही रक्कम गेलेल्या माणसाची जागा घेत नाही, हे कुणी सांगायला नको.

आमच्या घरी आता एक नियम आहे. फवारणीच्या दिवशी शेतात एकटं कुणी जात नाही आणि दर तासाला भाभींचा फोन जातो. सत्तरीतले अब्बा पहिल्यांदा चिडले, "मी काय लहान मूल आहे?" गेल्या आठवड्यात भाभींचा फोन पाच मिनिटं उशिरा गेला, तर अब्बांनीच बांधावरून फोन करून विचारलं, "बेटी, आज विसरलीस का?"