आग्र्याची जुनी कॅथॉलिक दफनभूमी : समाधिलेख आणि त्यांची भाषा

थडग्यावर कोरलेला लेख ज्या भाषेत असतो ती मृताची मातृभाषा असावी, असे आपण सहसा गृहीत धरतो. भाषेच्या इतिहासाचे साधन म्हणून समाधिलेखांचा उपयोग करणाऱ्या अभ्यासकाला हे गृहीतक किती फसवे ठरू शकते, याचे उत्तम उदाहरण आग्रा शहरातील जुन्या रोमन कॅथॉलिक दफनभूमीत पाहावयास मिळते. प्रस्तुत लेखात या दफनभूमीचा इतिहास व तेथील काही प्रमुख थडगी यांचा परिचय करून देऊन तिच्या भाषिक महत्त्वाचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

ही दफनभूमी मोगल काळात शहराबाहेरच्या लष्करपूर या गावाच्या हद्दीत होती. आज ती शहराच्या वस्तीने वेढली गेली आहे. परिसराला ‘पाद्री टोला’ असे जुने नाव आहे. त्यातील पहिला शब्द पोर्तुगीज, तर दुसरा देशी होय. येथील सर्वांत जुने स्मारक इ. स. १६११ चे असून ते एका आर्मेनियन व्यापाऱ्याचे आहे. त्यावरील लेख आर्मेनियन भाषेत व लिपीत आहे. पुढे याच वास्तूत जेझुइट पाद्र्यांचे दफन होऊ लागले. आर्मेनियन लोकांनी आपली लिपी थडग्यावरही सोडली नाही, हे स्वाभाविकच होते. त्यांची उपासनेची भाषा, त्यांची लिपी आणि त्यांची धर्मसंस्था यांचे ऐक्य फार जुने होते.

युरोपीयांची गोष्ट मात्र निराळी. जॉन मिल्डनहॉल हा इंग्रज व्यापारी खुष्कीच्या मार्गाने येऊन १६०३ मध्ये अकबराच्या दरबारात पोहोचला होता. दुसऱ्या प्रवासात जून १६१४ मध्ये तो अजमेर येथे मरण पावला व त्याचा देह आग्र्यास आणून पुरण्यात आला. भारतातील इंग्रजांच्या ज्ञात थडग्यांत हे सर्वांत जुन्यांपैकी एक आहे. परंतु त्यावरील लेख पोर्तुगीज भाषेत असून मृताचे आडनावदेखील पोर्तुगीज वळणाने ‘मेंदेनाल’ असे लिहिलेले आहे. जेरोनिमो वेरोनेओ हा व्हेनिसचा जवाहिऱ्या १६४० मध्ये लाहोर येथे वारला. त्याचे थडगेही येथेच आहे आणि त्यावरील लेखही पोर्तुगीजच आहे. ताजमहालाचा आराखडा या वेरोनेओने केला, असे मानरीके या पाद्र्याने लिहून ठेवले होते. ते मत आज ग्राह्य मानले जात नाही.

इंग्रज आणि व्हेनिसकर यांच्या थडग्यांवर पोर्तुगीज का? आग्र्याचे जेझुइट मिशन गोव्याच्या प्रांताच्या अधिकाराखाली होते आणि पूर्वेकडील कॅथॉलिक धर्मव्यवस्थेची सूत्रे पोर्तुगालच्या राजाकडे होती. त्यामुळे पाद्री कोणत्याही देशाचा असो, त्याच्या मिशनचा व्यवहार पोर्तुगीजमधून चाले. शिवाय भारताच्या किनाऱ्यावर निरनिराळ्या देशांचे व्यापारी परस्परांशी बोलताना याच भाषेचा आश्रय घेत. तात्पर्य, आग्र्याच्या दगडावरील पोर्तुगीज ही मृताच्या राष्ट्राची खूण नव्हे. त्याला ज्या समाजाने मूठमाती दिली त्या समाजाची ती खूण आहे. अठराव्या शतकातही ही प्रथा टिकून होती. सरधना येथील बेगम समरू हिचा पती वाल्टर राइनहार्ट १७७८ मध्ये आग्र्यात मरण पावला. जन्माने जर्मनभाषी असलेल्या या सैनिकाच्या घुमटाकार समाधीतही पोर्तुगीज लेख आहे.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला या भूमीतील सर्वांत जवळचे थडगे वाटावे ते हाइनरिख रोट याचे. जर्मनीतील डिलिंगेन येथे १६२० मध्ये जन्मलेला हा जेझुइट आग्र्यात राहून पंडितांकडून संस्कृत शिकला व सुमारे १६६० पर्यंत त्याने लॅटिन भाषेत संस्कृतचे व्याकरण पूर्ण केले. युरोपीय लेखकाचे हे पहिले संस्कृत व्याकरण होय. रोमला गेला असता त्याने अथानासिउस किर्शर याला नागरी वर्णमालेचे तक्ते दिले व ते किर्शरच्या १६६७ च्या चीनविषयक ग्रंथात छापले गेले. व्याकरण मात्र हस्तलिखितच राहिले. रोट जून १६६८ मध्ये आग्र्यात वारला. पुढे १७९० मध्ये युरोपातील पहिले मुद्रित संस्कृत व्याकरण पाउलिनुस या कार्मेलाइट पाद्र्याने प्रसिद्ध केले, तेही रोममध्येच. रोटचे हस्तलिखित १९६७ मध्ये आर्नुल्फ काम्प्स यांना रोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडले व त्याची छायाप्रत १९८८ मध्ये प्रकाशित झाली. याउलट थॉमस स्टीफन्स या जेझुइटाने रचलेले कोंकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर का होईना, १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले व पुढील अभ्यासकांच्या हाती आले. विद्येची परंपरा नुसत्या लेखनाने सुरू होत नाही. लिहिलेले दुसऱ्याच्या हाती पडावे लागते. आपल्या शास्त्राचा आरंभ १७८६ मधील विल्यम जोन्सच्या व्याख्यानापासून सांगताना एवढे तरी स्मरणात ठेवले पाहिजे.

रोटनंतर ११७ वर्षांनी योझेफ टीफेन्टालर हा भूगोलज्ञ जेझुइट १७८५ मध्ये लखनौ येथे वारला व त्याचेही दफन आग्र्यातच झाले. तोवर जेझुइट संघच १७७३ मध्ये पोपने विसर्जित केला होता. पोर्तुगीजचा आधार असलेली व्यवस्था मोडकळीस आली होती.

या बदलाची साक्ष येथील सर्वांत भव्य समाधी देते. जॉन विल्यम हेसिंग हा डच सैनिक महादजी शिंद्यांच्या व त्यांच्यामागून दौलतराव शिंद्यांच्या सेवेत होता. शेवटी आग्र्याचा किल्ला त्याच्या ताब्यात होता. तो २१ जुलै १८०३ रोजी वारला. त्याच्या कुटुंबाने तांबड्या दगडात, ताजमहालाचे लहान प्रतिरूप शोभेल अशी समाधी उभारली. हेसिंगनंतर तीनच महिन्यांनी, ऑक्टोबर १८०३ मध्ये, लॉर्ड लेकने आग्र्याचा किल्ला मराठ्यांकडून घेतला. मृत डच, धनी मराठा, वास्तूचे वळण मोगल. पण लेख इंग्रजीत. मिल्डनहॉल या इंग्रजाच्या थडग्यावर पोर्तुगीज आणि या डच माणसाच्या समाधीवर इंग्रजी, या दोन टोकांमध्ये उत्तर हिंदुस्थानातील युरोपीय समाजाचे भाषांतर पूर्ण झालेले दिसते.

यावरून पद्धतीविषयी एक गोष्ट निष्पन्न होते. समाधिलेख वाचताना मृत कोण होता हे विचारावेच. पण लेख कोणी लिहविला, कोणत्या संस्थेच्या आश्रयाने लिहविला आणि तो कोणी वाचावा अशी अपेक्षा होती, हेही विचारले पाहिजे. हे प्रश्न न विचारता भाषावार थडग्यांची नुसती मोजदाद केली, तर सतराव्या शतकातील आग्र्यात पोर्तुगीजांची मोठी वसाहत होती, असा चुकीचा निष्कर्ष निघेल. दगड उन्हापावसात झिजतो, अक्षरे पुसट होत जातात. तेव्हा आपल्या गावाजवळच्या जुन्या दफनभूमीतील लेखांचे ठसे व छायाचित्रे विद्यार्थ्यांनी वेळीच घेऊन ठेवावीत, आणि प्रत्येक लेखाबरोबर त्याच्या शेजारच्या थडग्याची भाषाही टिपून ठेवावी.