नवा पार्ट टाकला, तरी सप्लाय पुन्हा का उडतो?

मलकपेठ (हैदराबाद) : मलकपेठच्या गंजात महाराष्ट्राचा कांदा उतरतो. इथून मेट्रोने एमजीबीएसनंतरचं स्टेशन म्हणजे कोटी, आणि तिथे गुजराती गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचा बाजार. देगलूर, धर्माबाद, उदगीर, बीदरकडचा माणूस हैदराबादला निघाला की गावातला टीव्ही मेकॅनिक त्याच्या खिशात चिठ्ठी कोंबतो : दोन मॉस्फेट, चार कंडेन्सर, एक आयसी. माल येतो, बसतो आणि कधीकधी बटण दाबताच 'फट्' होतं. मग एकच वाक्य ऐकू येतं, "पार्ट डुप्लिकेट निघाला."

निघतोही. पण दरवेळी नाही.

टीव्ही असो की दुकानातला बिलिंगचा कॉम्प्युटर, आतला सप्लाय बहुधा एकाच पद्धतीचा असतो. 230 व्होल्टची वीज आधी डीसी होते आणि मोठ्या कंडेन्सरवर साधारण 325 व्होल्ट साठतात. मॉस्फेट ही वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून छोट्या ट्रान्सफॉर्मरला देतो. तो शॉर्ट झाला की एकटा जात नाही. फ्यूज जातो, गेटचा रेझिस्टर जातो, सोर्सकडचा कमी ओहमचा रेझिस्टर जातो, बऱ्याचदा कंट्रोल आयसीही जाते. घाईत फक्त मॉस्फेट आणि फ्यूज बदलले तर अस्सल कंपनीचा मॉस्फेटसुद्धा क्षणात उडतो. तिथे दोष अर्धवट दुरुस्तीचा, शिव्या मात्र दुकानदाराला.

आता खऱ्या डुप्लिकेटचं. एक प्रकार भंगारातला : जुन्या बोर्डावरून पार्ट उतरवायचा, वरची छपाई घासायची, काळा रंग देऊन नवा नंबर छापायचा. दुसरा प्रकार कमी ताकदीच्या पार्टवर मोठ्या पार्टचा नंबर टाकायचा. डीजेच्या अँप्लिफायरमधले 2एससी5200 आणि 2एसए1943 हे ट्रान्झिस्टर यासाठी बदनाम आहेत. बाहेरून तोच आकार, आत चिप मात्र चिमुकली. कंडेन्सरमध्ये तर मोठ्या डब्यात लहान कंडेन्सर दडवलेला सापडतो. हा धंदा फक्त गल्लीबोळातला नाही. अमेरिकी सिनेटच्या समितीने 2012 च्या अहवालात लष्करी पुरवठ्यातली अशी सुमारे 1,800 प्रकरणं मांडली होती.

बसवण्याआधी काय पाहायचं? पायांवर जुन्या सोल्डरची खूण आहे का. अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवल्यावर वरचा काळा रंग सुटतो का. खात्रीचा जुना पार्ट जवळ असेल तर दोन्ही वजनाला सारखे लागतात का. कंडेन्सरची क्षमता आणि ईएसआर मीटरवर मोजावा. मात्र साधा मल्टिमीटर मॉस्फेट किती व्होल्ट सोसेल ते सांगत नाही. तिथे 'चांगला' दाखवलेला पार्ट 325 व्होल्टवर दगा देऊ शकतो.

म्हणूनच जुने मेकॅनिक पहिल्यांदा सप्लाय थेट लाइनवर देत नाहीत. 60 किंवा 100 वॅटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावतात. बल्ब झपकन लागून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत अजून शॉर्ट आहे, पण नवा पार्ट बहुतेक वाचतो. (एलईडी बल्ब इथे चालत नाही.) आणि बोर्डाला हात लावण्याआधी प्लग काढून मोठा कंडेन्सर रेझिस्टरने डिस्चार्ज करायलाच हवा. प्लग काढला तरी त्यात जिवावर बेतेल इतकी वीज राहते. ज्याला हे जमत नाही त्याने सप्लाय उघडू नये.

तयार अडॅप्टर घेणाऱ्याचं काम सोपं. त्यावर बीआयएसचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी नंबर असतो, तो 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासता येतो. सुट्या मॉस्फेटवर असा नंबर नसतो.

तिथे उरतं ते पक्कं बिल. चार पैसे वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर माल घेतला की हिशेब उलटा बसतो : पार्ट दुसऱ्यांदा, मजुरी दुसऱ्यांदा, वर गिऱ्हाईक तुटतं. बिलावर पार्टचा नंबर आणि कंपनी लिहून घ्यावी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार राहत्या जिल्ह्यातही करता येते. देगलूरच्या माणसाला त्यासाठी हैदराबादच्या खेपा नकोत, नांदेडचा जिल्हा आयोग चालतो. धंद्यासाठी घेतलेला माल एरवी या कायद्यात बसत नाही, पण स्वतः राबून पोट भरणाऱ्याला सूट आहे. एकट्याने दुकान चालवणारा मेकॅनिक त्या सुटीत बसू शकतो.