रेडिओचे दोन पत्ते

कला शाखेच्या विद्यार्थ्याने पदार्थविज्ञानावर लेखणी चालवावी, हा काहींना आगाऊपणा वाटेल. पण प्रश्न माझा नाही, माझ्या आजोबांचा आहे. चौथीत शाळा सुटलेल्या या माणसाला आकाशवाणीच्या पुणे केंद्राचे मध्यम लहरींवरचे दोन्ही आकडे तोंडपाठ : ३७८.८ मीटर आणि ७९२ किलोहर्ट्झ. "केंद्र एक, मग पत्ते दोन कसे? खरा कुठला?" असे ते विचारतात. घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, तेव्हा उत्तर देणे माझ्याच अंगावर आले.

७९२ किलोहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ७ लाख ९२ हजार लहरी मनोऱ्यातून बाहेर पडतात. ही झाली वारंवारता. रेडिओलहर प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावते. आता एक सेकंद मोजा. पहिली लहर ३ लाख किलोमीटरवर पोहोचली, शेवटची नुकतीच बाहेर पडली, आणि मधल्या अंतरात ७ लाख ९२ हजार लहरी एकीला एक लागून उभ्या आहेत. मग एकीच्या वाट्याला जागा किती? भागाकार करून पाहा : ३७८.८ मीटर. हीच तरंगलांबी. वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी, हे पुस्तकातले सूत्र यापेक्षा वेगळे काही सांगत नाही. वेग ठाऊक असला की एका आकड्यावरून दुसरा मिळतो. दोन्ही पत्ते खरेच!

येथे पुष्कळांचा समज होतो, की जास्त वारंवारतेची लहर अधिक वेगाने पळत असेल. तसे नाही. देवळातला चौघडा दूरच्या शेतातून ऐका. सनईचा सूर उंच, नगाऱ्याचा खर्जातला. तरी ताल बिघडत नाही. दोन्ही आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर याच वेगाने येतात. फरक पडतो तो लांबीत. ५०० हर्ट्झचा सूर ६८ सेंटिमीटरचा, तर १०० हर्ट्झचा ३.४ मीटरचा.

वेग ठरवते ते माध्यम. तोच ५०० हर्ट्झचा सूर पाण्यात शिरला, की वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर होतो आणि तरंगलांबी ३ मीटर. वारंवारता मात्र तीच राहते. कारण पाण्याच्या पृष्ठभागावर जेवढ्या लहरी येतील तेवढ्याच पुढे गेल्या पाहिजेत, वाटेत त्या साठून राहू शकत नाहीत.

या लांबीचा व्यवहारात उपयोग काय, असे आमचे वाङ्मयप्रेमी मित्र विचारतील. एरियल बहुधा तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी घेतात. ७९२ किलोहर्ट्झला हा हिस्सा भरतो सुमारे ९५ मीटर, म्हणून असले मनोरे गावाबाहेर मोकळ्या माळावर उभारावे लागतात. १०१ मेगाहर्ट्झच्या एफ.एम.ला पाऊण मीटर पुरतो. ट्रान्झिस्टरची ओढून लांब करायची दांडी साधारण तेवढीच असते. आणि ९०० मेगाहर्ट्झच्या मोबाइलला हवे जेमतेम ८ सेंटिमीटर. त्यामुळे त्याची एरियल बाहेर दिसतसुद्धा नाही.

कु. किंवा श्री. लिहिण्याची गरज नाही — द्वितीय वर्ष, कला