विश्लेषण : रोलरवर सायकलचा तोल का जातो? तो साधायचा कसा?

पावसाळ्यात खड्डे आणि निसरड्या रस्त्यांमुळे सराव बंद पडू नये, म्हणून अनेक सायकलपटू घरातच सायकल चालवतात. त्यासाठीचे सर्वांत अवघड वाटणारे साधन म्हणजे रोलर. रस्त्यावर १०० किलोमीटर सहज कापणारेही त्यावर पहिल्याच मिनिटाला भिंत धरतात. असे का होते?

रोलर म्हणजे काय?

एका चौकटीत बसवलेले ३ फिरते रूळ. मागचे चाक दोन रुळांवर, तर पुढचे एका रुळावर टेकते. पुढचा आणि मागचा रूळ पट्ट्याने जोडलेले असतात. त्यामुळे पॅडल मारले की पुढचे चाकही फिरते. साध्या ट्रेनरमध्ये सायकल मागून जखडलेली असते. रोलरवर ती कशालाच बांधलेली नसते.

तोल का जातो?

सायकल ज्या बाजूला कलते, त्या बाजूला हँडल किंचित वळते आणि चाके पुन्हा शरीराखाली येतात. रस्त्यावर हे नकळत घडते. वेग कमी असला की हँडल जास्त वळवावे लागते. रस्त्यावर त्यासाठी जागा असते, रोलरची रुंदी मात्र हातभरच. म्हणून भीतीपोटी हळू पॅडल मारणाराच आधी पडतो. हँडल घट्ट आवळले, तर तोल सावरण्याची ही क्रियाच अडते.

चाक उतरले तर सायकल भिंतीवर आदळेल?

ही सर्वांत मोठी भीती, पण ती बहुतांशी अनाठायी आहे. चाके वेगाने फिरत असली तरी सायकल आणि स्वार जागेवरच असतात. धोका आहे तो कडेला पडण्याचा. त्यामुळे हेल्मेट घाला आणि जवळचे टोकदार फर्निचर हलवा.

सुरुवात कशी करावी?

रोलर दाराच्या चौकटीत ठेवा. दोन्ही बाजूंना आधार मिळतो. पुढच्या चाकाचा मध्य पुढच्या रुळाच्या बरोबर वर किंवा किंचित मागे असावा. मधला गिअर निवडा. एक हात चौकटीवर ठेवून पॅडलची एकसारखी लय पकडा, मगच हात सोडा. नजर चाकाकडे नको, समोर ठेवा. थांबताना ब्रेक दाबू नका. आधी चौकट धरा, मग पॅडल थांबवा. पाय टेकवायला शेजारी भक्कम, बुटके स्टूल असू द्या.

फायदा कोणाला?

पॅडलला झटके दिले की सायकल लगेच डुलते, त्यामुळे एकसारखे पॅडल मारण्याची सवय लागते. ट्रॅकवरचे सायकलपटू शर्यतीआधी रोलरवर शरीर गरम करतात. मात्र घरात वारा लागत नाही. घाम खूप येतो, म्हणून पंखा आणि पाणी हवेच. पूर्ण ताकद लावून दमछाक करणारा सराव करायचा असेल किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल, तर सायकल जखडून ठेवणारा ट्रेनरच बरा.